दिवाळीत मन खचत असेल तर

नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर वसुबारसेच्या आधी त्या मोजा. सणात बरेच दवाखाने बंद असतात आणि चिठ्ठीशिवाय या गोळ्या मिळत नाहीत, म्हणून १५ दिवसांच्या जास्तीच्या आणून ठेवा. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी अचानक सोडू नका. काही दिवसांत चक्कर, चिडचिड, झोपमोड सुरू होते आणि घरचे त्याला सणाचा शीण समजतात. दारूला स्पष्ट नाही म्हणा, ती झोप बिघडवते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली नेते.

नरक चतुर्दशीला पहाटे उठायचंय? मग आदल्या रात्री १० ला आडवे व्हा. फटाक्यांसाठी कानात बोळे घाला. फराळाचा हट्ट नको. चिवडा घरी करा, चकल्या-अनारसे सरळ विकत आणा. भाऊबीजेला ‘तासभरच बसेन’ असं आधीच कळवा. घरातल्या एका तरी माणसाला खरं सांगा, म्हणजे ‘चेहरा का उतरलाय?’ला उत्तर तो देईल.

पाहुणे गेल्यावरचा आठवडा अनेकांना जास्त जड जातो, डॉक्टरांची वेळ तेव्हाची घ्या. मरणाचे विचार आले तर मात्र थांबू नका, एकटे राहू नका. लगेच १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस मानसिक आरोग्य सेवा मोफत, २४ तास आहे, मराठीतही बोलता येतं.