घरात सगळं डबल आहे, मग गिफ्ट लिस्टमध्ये टाकू काय?

प्रश्न: ताई, आम्ही दोघं ४ वर्षं एकत्र राहतोय, त्याआधी दोघांची वेगवेगळी घरं होती, त्यामुळे सगळं डबल आहे, २ मिक्सर, २ इस्त्र्या, चादरी तर कपाटात मावत नाहीत. आता लग्न ठरलंय आणि जो तो विचारतोय गिफ्ट काय देऊ. मैत्रीण म्हणते सरळ रजिस्ट्री कर, म्हणजे हव्या त्या गिफ्टची यादी दुकानात किंवा साइटवर टाक, लोक त्यातलं निवडून घेतील, पण त्याला वाटतं असं मागणं बरं दिसत नाही. पैसेच द्या म्हटलं तर चालेल का?

उत्तर: लोक आपणहून विचारतायत ना, मग त्यांना नीट उत्तर देण्यात मागणं कुठे आलं? हे त्याला सांग. आणि ही काही आजची पद्धत नाही, १९२४ मध्ये शिकागोच्या मार्शल फील्ड या मोठ्या दुकानाने लग्नाची यादी ठेवायला सुरुवात केली, नवरीने डिनर सेट, काचसामान आधी निवडून ठेवायचं म्हणजे तीच वस्तू दोघांकडून यायची नाही. तेव्हा घर रिकामं असायचं गं, म्हणून ती यादी तशी होती. तुमचं भरलेलं आहे, तर यादी वेगळी करा, त्यात लाज कसली.

आधी दोघं मिळून घरात एक चक्कर मारा आणि रोज वापरताना काय खटकतं ते लिहा. धार गेलेली सुरी, कोटिंग उडालेला पॅन, मधे खड्डा पडलेली गादी. एकाच वस्तूची चांगली आवृत्ती मागायला काही हरकत नाही, पण जुनी आधी कोणाला तरी देऊन टाका, नाहीतर डबलचं तिबल होईल.

गादीसारखी मोठी वस्तू असेल तर ग्रुप गिफ्ट म्हणून टाका, बऱ्याच रजिस्ट्रीत ती सोय असते, प्रत्येकजण जमेल तेवढे पैसे घालतो. फक्त रक्कम पूर्ण नाही जमली तर काय होतं ते आधी वाचून घे, कुठे जमलेले पैसे तुमच्या हातात येतात, कुठे त्याच दुकानात खर्च करावे लागतात.

आता पैशांचं. चालेल, नक्की चालेल, पण नुसतं "कॅश फंड" लिहिलं की देणाऱ्याला वाटतं आपण बिल भरतोय. कशासाठी ते लिही. फिरायला जाणार असाल तर त्याचे तुकडे कर, एका रात्रीचं हॉटेल, बोटीची फेरी, ट्रेनची तिकिटं, म्हणजे आत्याला सांगता येतं की बोटीची फेरी माझ्याकडून. आणि मग खरंच त्या बोटीत बसा आणि तिला फोटो पाठवा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, तिने विश्वासाने दिलेत ते. कार्डाने पैसे आले की काही साइट थोडी फी कापतात, ती तुमच्याकडून जाते की देणाऱ्याकडून तेही बघ.

यादीत स्वस्त गोष्टी भरपूर ठेव, सगळ्यांचा खिसा सारखा नसतो. ज्यांना स्वतःच्या हाताने काही विणून, शिवून द्यायचंय त्यांना यादी दाखवूच नको, ते प्रेमाने घे. लिंक पत्रिकेवर छापू नको, लग्नाची वेबसाइट असेल तर तिथे टाक आणि आईला, मैत्रिणीला देऊन ठेव, लोक त्यांनाच विचारतात.

आणि एक गोष्ट जी बहुतेकजण विसरतात, वस्तू परत करायची मुदत बऱ्याचदा खरेदीच्या किंवा डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजतात, लग्नाच्या दिवसापासून नाही. लग्नानंतर निवांत उघडू म्हणून खोकी तशीच ठेवली आणि आतला कप फुटलेला निघाला तर मुदत संपलेली असते. आलं की लगेच उघडून बघा, आणि कोणी काय दिलं ते तेव्हाच वहीत लिहा म्हणजे थँक यू लिहिताना गोंधळ नको.

प्रश्न: ताई, मैत्रिणीच्या रजिस्ट्रीत आता फक्त महागाच्या वस्तू उरल्यात, मला परवडत नाहीत. काय करू?

उत्तर: अजिबात अवघडून जाऊ नकोस. २-३ मैत्रिणी मिळून एक घ्या, नाहीतर तिला किंवा तिच्या बहिणीला सांग की यादीत छोट्या वस्तू वाढव, तिला कदाचित माहीतही नसेल की त्या संपल्यात. यादीतलीच वस्तू दुसरीकडे स्वस्त मिळाली तर खुशाल घे, पण रजिस्ट्रीत ती "घेतली" अशी खूण करून ठेव, नाहीतर दुसरं कोणीतरी तीच घेऊन येईल. आणि यादीबाहेरचं काही द्यायचं असेल तर गिफ्ट रिसीट, म्हणजे किंमत न छापलेली दुकानाची पावती, सोबत टाक, तिला बदलून घेता येईल.