पहिली कॅथोड फिल्म करताना

गड्या, लिथियम बॅटरीच्या कॅथोडची, म्हणजे धन टोकाची, पातळ फिल्म पहिल्यांदाच करतोयस, तर कोबाल्टच्या मागं लागू नको. लिथियम मँगनीज ऑक्साइड घे. स्वस्त पडतं, स्प्रे पायरोलिसिसनं, म्हणजे तापलेल्या पृष्ठावर द्रावण फवारून, जमतं. त्यात लिथियमसाठी घालायचं लिथियम नायट्रेट मात्र हवेतलं पाणी ओढतं. नांदेडला ऐन पावसाळ्यात मी बाटली उघडी टाकून चहाला गेलो. येऊन बघतो तर पावडरीचा चिखल! तरी तेच वापरलं. वजनात पाणीच जास्त, लिथियम कमी पडलं आणि एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीत) ३३ अंशांच्या कोनाजवळ नको असलेलं मँगनीज ऑक्साइड डोकं वर काढून बसलं. भट्टीतही थोडं लिथियम उडतंच, म्हणून आधीच ५-१० टक्के जास्त घाल. ७०० अंश सेल्सिअसला भाजायचंय, तेव्हा फिल्मखाली साधी काच नको, ती वाकते. प्लॅटिनमचा थर दिलेला सिलिकॉन वापर. महाग आहे, छोटे तुकडे करून पुरव.