उन्हाळ कांदा मे महिन्यात चाळीत जातो, मंजुरी सप्टेंबरात येते

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

कॉलेज-विद्यापीठाच्या संशोधन निधीसाठीचा तुझा प्रस्ताव वाचला. साठवणुकीच्या चाळीतल्या कांद्यावरची काळी बुरशी हा विषय नाशिक जिल्ह्यातल्या मायक्रोबायोलॉजीच्या प्राध्यापिकेने घ्यायचा नाही तर कोणी? विषय छान आहे, पण अंदाजपत्रक मला पटलं नाही. पाच लाख मागितलेस आणि त्यातले तीन लाख इन्क्युबेटर आणि लॅमिनार फ्लोवर (निर्जंतुक हवेच्या कपाटावर) खर्च घातलेस. दोन्ही तुमच्या विभागात आहेत. जुने असतील, पण चालतात. छाननी समितीत बसत होतो तेव्हा असा प्रस्ताव आला की आम्ही आधी तेच विचारायचो: विभागात काय आहे, आणि नवं कशाला हवं?

विद्यापीठाचा किंवा कॉलेजचा स्वतःचा संशोधन निधी लहान असतो आणि त्याचं काम वेगळं असतं. बाहेरच्या मोठ्या योजनांना प्राथमिक निष्कर्ष दाखवावे लागतात, आणि ते मिळवायला पैसे कोणी देत नाही. ती सोय इथून करायची. म्हणून एकच हंगाम, एकच प्रश्न. बुरशी, जिवाणू, साठवणुकीची रचना आणि शेतकऱ्याचं उत्पन्न असे चार उद्देश तू एका वर्षात कोंबले आहेस. त्यातला पहिला ठेव. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालयात साठवणुकीतल्या नुकसानीवर वर्षानुवर्षं काम चाललंय, ते आधी नीट वाच आणि तुझं काम त्यापुढे कुठे जातं हे दोन ओळींत लिही. या दोन ओळी नसतील तर समितीवरचा एखादा तरी सदस्य तिथेच पान मिटतो.

तुझे विभागप्रमुख अजून ‘बीसीयूडीचं प्रपोजल’ म्हणत असतील. बीसीयूडी म्हणजे महाविद्यालय आणि विद्यापीठ विकास मंडळ, ते १९९४ च्या कायद्यातलं. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्यात ते उरलं नाही. आता संशोधन मंडळ आहे. साधारण त्याच सुमाराला बारावी पंचवार्षिक योजना संपली आणि आमच्या पिढीचा आधार असलेले यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, मायनर-मेजर संशोधन प्रकल्पही आटले. त्यामुळे या छोट्या अंतर्गत निधीवर आता फार जणांची नजर असते.

तुमचं कॉलेज स्वायत्त आहे, हे मात्र तुझ्या फायद्याचं. संस्थेने शिक्षकांना संशोधनासाठी किती सीड मनी (सुरुवातीचं बीजभांडवल) दिलं, हे उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणारं नॅक विद्यापीठांना आणि स्वायत्त कॉलेजांना विचारत आलं आहे. तेव्हा प्राचार्यांकडे जाताना याचना करायला निघाल्यासारखी जाऊ नकोस. त्यांनाही तो आकडा दाखवायचा असतो. कॉलेज आणि विद्यापीठ दोन्हीकडे अर्ज कर, पण कामाचे भाग वेगळे ठेव आणि दुसरीकडे काय मागितलंय ते दोन्हीकडे स्पष्ट लिही. एकच बिल दोन्हीकडे दिसलं तर पुढे तुझ्या नावाची फाइलच हलणार नाही.

आता खरी अडचण सांगतो. जाहिरात, अर्ज, छाननी, सादरीकरण, मंजुरी, पहिला हप्ता यात सहा महिने सहज जातात. तुझा उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला जातो आणि पावसाळी दमटपणात सडतो. मंजुरी सप्टेंबरात आली तर निम्मा हंगाम गेलेला, आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा तगादा डोक्यावर. म्हणून प्रस्तावात स्वच्छ लिही की प्रत्यक्ष काम पुढच्या मे महिन्यात सुरू होईल, आणि आर्थिक वर्ष मध्ये बदलत असल्याने निधी पुढे ओढायची परवानगी सुरुवातीलाच माग. या वर्षी हात बांधून बसू नकोस. ओळखीच्या दोन चाळी धर, तापमान आणि आर्द्रता मोजणारं साधं यंत्र टांग, ठरावीक गोण्यांचं वजन दर महिन्याला नोंदव. याला पदरचे थोडे पैसे लागतील, पण सादरीकरणाच्या दिवशी तुझ्याकडे आलेख असेल.

आणखी एक. ऑगस्टात लासलगावला भाव चढला की शेतकरी चाळ मोकळी करणार, आणि तुझे नमुने ट्रॅक्टरमधून लिलावाला जाणार. त्याला थांब म्हणायचा आपल्याला काय अधिकार? तेव्हा लागणारा कांदा तूच विकत घे आणि त्याच्याच चाळीत वेगळा ठेव. त्यासाठी ‘नमुना खरेदी’ असा खर्च अंदाजपत्रकात हवा. शेतकरी काही जीएसटीचं बिल देणार नाही. सही असलेली हातपावती चालेल का, हे लेखा विभागाला आधी विचार आणि उत्तर लेखी घे.

बाकी रक्कम बुरशी वाढवायची माध्यमं, रसायनं, काचसामान, प्रवास आणि नमुने गोळा करायला एम.एस्सी.चा एखादा विद्यार्थी यांत बसव. बुरशीची ओळख पटवायला डीएनए क्रमवारी बाहेरून करून घ्यावी लागेल, ती धर. कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय का ते बघ. तो विसरल्याने शेवटी रसायनांत काटछाट करणारे खूप पाहिले. यंत्र घेतलंसच तर डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद त्याच आठवड्यात. दुसरा हप्ता पहिल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर (पैसे ठरल्या कामालाच खर्च झाल्याच्या दाखल्यावर) अडतो, आणि ते प्रमाणपत्र या नोंदीवाचून होत नाही.

संशोधन विभागातल्या क्लार्कना एकदा प्रत्यक्ष जाऊन भेट. मागच्या वर्षीचे प्रस्ताव कशावरून परत गेले, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. बहुतेक वेळा कारण शास्त्रीय नसतंच: विद्यापीठाच्या शिक्षकमान्यतेचं पत्र जोडलेलं नसतं, नाहीतर प्राचार्यांचा शिक्का राहिलेला असतो.

केंद्र सरकारच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या तरुण संशोधकांसाठीच्या अनुदानाचं तू विचारलंस. जरूर कर, पण एक हंगाम हाती आल्यावर. आत्ता गेलीस तर दाखवायला फक्त उत्साह असेल.

सुधारलेला मसुदा पाठव, अंदाजपत्रकाचं पान आधी. रविवारी दुपारनंतर फोन केलास तर निवांत बोलता येईल. तोवर राजगुरुनगरच्या कामाबद्दलच्या त्या दोन ओळी लिहून ठेव.

तुझा,
सर