मागून येणाऱ्यांना धरून सहल आखताना

पुणे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

रविवारच्या आपल्या चालण्याच्या गटाच्या सहली यंदापासून तू बघणार, हे ऐकून फार बरं वाटलं. तू माझ्याकडे ठिकाणांची यादी मागितलीस. ती देतेच, पण ठिकाणं शोधायला पुण्यात कोणाला अडचण पडत नाही. सहल जमली की फसली, हे बहुतेक वेळा सगळ्यात मागून येणाऱ्या माणसाला विचारलं की कळतं. म्हणून काहीही ठरवण्याआधी तो माणूस डोळ्यांपुढे आण.

वेताळ टेकडीवर काय होतं ते आठव. पुढची मंडळी खाणीपाशी पोचतात, बसतात, पाणी पितात, गप्पा रंगतात. मागचे दोघं-तिघं धापा टाकत येतात आणि ते टेकायच्या आत कोणीतरी म्हणतं, "चला, आले सगळे!" विश्रांतीची ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. असं दोन-तीनदा झालं की तो माणूस "गुडघा दुखतोय" म्हणून यायचा थांबतो. गुडघा दुखत असतोच, पण त्याहून जास्त त्याला एकटं चालणं नकोसं झालेलं असतं. तेव्हा थांब्याची दहा मिनिटं शेवटचा माणूस बसल्यावर मोजायला लाग. आणि गटातला सगळ्यात दमदार माणूस शेवटी ठेव. तो पुढे असला की नकळत सगळ्यांचा वेग वाढतो.

सिंहगडाचं उदाहरण घे. आतकरवाडीतून चढायचं म्हणजे जवळजवळ सहाशे मीटरची चढण. चढताना छाती भरते, आणि उतरताना गुडघे बोलतात. गटातल्या निम्म्या लोकांना ते झेपणार नाही. मग सिंहगड सोडून द्यायचा का? मुळीच नाही. चालणाऱ्यांनी पहाटे पायथ्यापासून निघावं, बाकीच्यांनी घाटरस्त्याने गाडीने वर यावं, आणि पुणे दरवाज्यापाशी सगळ्यांनी भेटावं. पुढे देवटाक्यापर्यंत, तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपर्यंत सगळे एकत्र चालतात. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही एका पंगतीत खाल्लं की कोण कुठून आलं हे कोणी विचारत नाही. फक्त पावसाळ्यात घाटात दरड पडून रस्ता बंद होतो, तेव्हा आदल्या संध्याकाळी चौकशी करायची.

भाजे, म्हणजे भाजे गावाची बौद्ध लेणी, माझ्या फार आवडीची. लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, रेल्वेरूळ आणि द्रुतगती मार्ग ओलांडून गावातून रमत-गमत पायऱ्यांशी यायचं. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं ते चैत्यगृह, आणि त्याच्या छताच्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. जाणकार माणूस बरोबर असेल तर तिथे दोन तास कसे जातात समजत नाही. ज्यांना हौस आणि दम आहे त्यांनी गायमुख खिंडीतून लोहगडावर जावं. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात लोहगड आहे. त्यामुळे गर्दी वाढणारच, शनिवार-रविवारी उशिरा पोचू नकोस. आणि भाज्यात थांबणाऱ्यांना "तुम्ही बसा इथे" एवढं सांगून जायचं नाही. त्यांच्याबरोबर कोण, जेवण कुठे, परतीची लोकल कोणती, हे आधीच ठरलेलं हवं. दुपारी त्या मार्गावर लोकल फार विरळ असतात.

एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही म्हणून मीच सांगते. स्वच्छतागृह कुठे आहे ते सहल जाहीर करतानाच सांग. वाटेत नसेल तर तेही स्पष्ट सांग. बायका सकाळपासून पाणी न पिता चालतात, उन्हात चक्कर येते, आणि सगळे म्हणतात ऊन लागलं. हे मी इतक्या जणींच्या बाबतीत पाहिलंय की आता सहलीला जागा बघायला जायचं झालं तर मी आधी तेवढंच बघते.

गडांवर कड्याकपारींत आग्यामोहोळं असतात. अत्तर लावून यायचं नाही, धूर करायचा नाही, आरडाओरडा नाही, हे निघतानाच सगळ्यांना बजाव. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात दुपारनंतर ढग भरून आले तर टेकडीवर थांबू नका. एकट्या झाडाखाली तर नाहीच नाही.

वारीबद्दल तू विचारलं होतंस. ज्ञानोबा माउलींची पालखी पुण्यातल्या दोन मुक्कामांनंतर सासवडला निघते. दिवे घाट चढून जाणारा तो सबंध वाटेतला सर्वांत लांब टप्पा, शिवाय त्या दिवशी एकादशी. म्हणजे खाण्यात साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, केळी. सगळ्यांनी सासवड गाठलंच पाहिजे असं अजिबात नाही. कोणी हडपसरपर्यंत येईल, कोणी वडकी नाल्यापर्यंत. पण प्रत्येकाने कुठे थांबायचं आणि घरी कसं परतायचं हे घरून निघतानाच पक्कं असू दे, कारण त्या गर्दीत फोन लागेलच याची खात्री नसते. दिंडीच्या रांगेत मध्येच शिरून फोटो काढायचे नाहीत. विणेकरी, टाळकरी, तुळस घेतलेल्या बाया, प्रत्येकाची जागा ठरलेली असते. आपण कडेने चालावं. कोणी "या माउली" म्हणून बोलावलं तर खुशाल जावं.

पैशांचं थोडक्यात सांगते. सगळ्यांना पेन्शन असते असं समजू नकोस, आणि असली तरी सगळ्यांची सारखी नसते. सहल बसने किंवा लोकलने होत असेल तर खासगी गाडी ठरवू नकोस. हिशेब त्याच संध्याकाळी गटावर टाक, चहाच्या बिलासकट.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपल्या गटात अशी माणसं आहेत ज्यांचं चालणं आता थांबलंय. कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोणी घरी आजारी नवऱ्याला एकटं सोडू शकत नाही. त्यांची नावं काढून टाकू नकोस. कोजागरीला कोणाच्यातरी गच्चीवर मसाला दूध होतं, दिवाळीनंतर एका रविवारी प्रत्येक घरचा फराळ घेऊन आपण बसतो, तेव्हा यांना आवर्जून आण. गच्चीला लिफ्ट नसेल तर घर बदल, पण त्यांना वगळू नकोस. दूध आटवायचं काम त्यांच्यावर सोपवलंस तर आणखी छान. पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसायला कोणालाच आवडत नाही. गटातल्या एक आजी टेकडीवर यायच्या बंद झाल्यावर घरी बसून सगळ्यांसाठी गुळाच्या चिक्कीच्या पुड्या बांधून पाठवायच्या, प्रत्येक पुडीवर पेनाने नाव. मधुमेहवाल्यांच्या पुडीत नुसते भाजलेले दाणे. गटात कोणाला काय चालत नाही हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

आणि कोणी लागोपाठ दोन-तीन रविवार दिसलं नाही तर मेसेज टाकून मोकळी होऊ नकोस. फोन कर. मेसेजला अंगठा दाखवून माणसं दुखणं लपवतात, आवाजात ते लपत नाही.

टेकडीसाठीही थोडा वेळ काढ. तिथे वनखात्याने पूर्वी लावलेलं गिरिपुष्प हे परदेशी झाड जिकडेतिकडे दिसतं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण गणेरीवर पिवळी फुलं येतात आणि पळसाला केशरी, तेव्हा एखादा रविवार फक्त झाडं बघण्यासाठी ठेव. भराभर चालणारेही त्या दिवशी आपोआप थांबतात, आणि मागचे-पुढचे एकाच झाडाखाली गोळा होतात. 2023 च्या एप्रिलमध्ये टेकडीतून जाणाऱ्या प्रस्तावित रस्त्याविरुद्ध पुणेकर मोठ्या संख्येने चालत निघाले होते. त्यात टेकडीवर रोज येणारे खूप होते, याचं मला मनापासून समाधान आहे.

ठिकाणांची यादी आणि गटाची वही सोबत पाठवते आहे. वहीत प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधं आणि घरच्या माणसाचा नंबर आहे. बरेच नंबर जुने झालेत, काहींची औषधं बदलली असतील. येत्या रविवारी चहाच्या वेळी एकेकाजवळ बसून ती ताजी करून घे, आणि वहीचं पान कोणा दुसऱ्याला दिसणार नाही एवढं बघ.

तुझी,
काकू