नागीण बरी होऊन चार महिने झाले, तरी आग का थांबत नाही? आणि खर्च कुठे वाढतो?

पुरळ उठल्यापासून ९० दिवसांनंतरही दुखत असेल तर ते दुखणं कातडीचं नसून मज्जातंतूचं असतं. विषाणूने तंतूला इजा केलेली असते, म्हणून सदऱ्याचं कापड नुसतं घासलं तरी चटका बसतो. माणूस रात्र रात्र जागा, दिवसा कामाला निरुपयोगी.

पॅरासिटामॉल इथे फारसं चालत नाही. पैसे पहिल्यांदा वाया जातात ते इथेच. गॅबापेंटिन हे मज्जातंतूच्या दुखण्यावरचं औषध बहुधा रात्री ३०० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी. 'गुण नाही' म्हणून आठवड्यात सोडलं की पुन्हा नवा डॉक्टर, नवी फी. उतारवयात मात्र गॅबापेंटिनने चक्कर येऊ शकते. पडून हाड मोडलं तर तो खर्च औषधापेक्षा कितीतरी जड. दुखरी जागा लहान असेल तर ५ टक्के लिडोकेनची (बधिर करणाऱ्या औषधाची) पट्टी बरी: १२ तास लावायची, १२ तास काढायची, जखमेवर नाही.

हिशोबात न धरलेला खर्च म्हणजे बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याची रजा.

घरात दुसऱ्या कुणाला नागिणीचं पुरळ आलं तर ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू करा.