पुण्यात नुकतीच स्पीच थेरपीची प्रॅक्टिस सुरू केली आहे. इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲपवरचं साहित्य कामात कसं वापरावं?

साहित्य भरपूर आहे, पण बरंचसं अमेरिकी इंग्रजीसाठी बनवलेलं आहे आणि घोळ तिथेच होतो. 'र'चंच घ्या. अमेरिकी 'आर' म्हणताना जिभेचं टोक कुठेच टेकत नाही, जीभ मागे वळते किंवा मधोमध फुगते. आपल्या 'र'ला टोक वरच्या दातांमागच्या हिरडीवर झटकन आपटून सुटावं लागतं. रीलमधली युक्ती जशीच्या तशी शिकवली, तर 'रात्र' म्हणताना भलताच आवाज पक्का होतो आणि मग तो आधी मोडावा लागतो. 'ळ' त्या रील्समध्ये नसतोच. चमच्यातला 'च' आणि चिमणीतला 'च' वेगळे, हेही तिथे कुणी सांगणार नाही.

म्हणून खेळाची कल्पना तिथून उचला, शब्द आपले घाला. ल-ळ साठी वेल-वेळ, माल-माळ, गाल-गाळ अशा जोड्या चालतात. वेलीचं आणि घड्याळाचं चित्र लहान मुलाला लगेच कळतं. 'गाळ' चित्रातून कळत नाही, ती जोडी मोठ्या मुलांसाठी ठेवा. रील सेव्ह करताना 'छान आयडिया' असा एकच ढीग करू नका. ध्वनीनुसार किंवा उद्दिष्टानुसार वेगळे संग्रह करा आणि वहीत एक ओळ लिहा: कोणतं उद्दिष्ट, कोणत्या वयासाठी, आपण मराठीत काय म्हणायचं. ही ओळ लिहिता आली नाही, तर ती रील तुमच्या कामाची नाही.

सर्वात जास्त पसरणारे व्हिडिओ शिट्टी, फुगे आणि मेणबत्ती फुंकण्याचे असतात. फुंकल्याने उच्चार सुधारतो याला भक्कम पुरावा नाही, कारण फुंकताना आणि बोलताना ओठ-जीभ तीच असली तरी मेंदू त्यांच्याकडून वेगळं काम करून घेतो. उच्चार सुधारायचा तर उच्चाराचाच सराव हवा. पालक अशी रील पाठवतात तेव्हा 'चूक आहे' एवढंच म्हणून सोडू नका. त्याच वेळात करता येईल असा पाच शब्दांचा सराव लगेच द्या, नाहीतर घरी शिट्टीच वाजत राहते.

माझ्या मते खरा फायदा व्हॉट्सॲपवर आहे: पालकांनी पाठवलेला घरचा व्हिडिओ. मूल क्लिनिकमध्ये गप्प बसतं आणि आजीशी भरभरून बोलतं, ते यात दिसतं. पालकांना नेमकं सांगा: दोन मिनिटं पुरे, टीव्ही आणि पंखा बंद, उजेड मुलाच्या चेहऱ्यावर, ओठ दिसले पाहिजेत, आणि 'हे काय, ते काय' असं विचारत बसायचं नाही. व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे दर्जा घसरत नाही. व्हॉइस नोटवरून 'स' किंवा 'श' तपासू नका. या ध्वनींची ओळख वरच्या वारंवारतेत, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाजाच्या पट्ट्यात असते आणि फाइल लहान करताना तोच भाग बरेचदा कापला जातो. व्हॉट्सॲपमधलं 'मीडिया व्हिजिबिलिटी' (आयफोनवर 'सेव्ह टू फोटोज') हे सेटिंगही बंद ठेवा, नाहीतर मुलांचे व्हिडिओ गॅलरीत आणि तिथून घरच्या क्लाउड बॅकअपमध्ये जाऊन बसतात.

व्यावसायिक ग्रुपवर केस विचारताना नाव गाळणं पुरेसं नाही. 'साडेचार वर्षं, कर्वेनगर, जुळ्यांपैकी एक, आई-बाबा दोघं आयटीत' एवढ्यावरून ओळखणारं कुणीतरी पुण्यात निघतंच. वय, घरच्या भाषा आणि अडचण यापलीकडे काही लिहू नका.

स्वतः पोस्ट टाकत असाल तर मुलाचा चेहरा, गणवेश, शाळेचा बिल्ला नको. तुमचे हात, चित्रं आणि खेळणी दाखवूनही तंत्र कळतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या डेटासाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. थेरपीसाठीची संमती आणि जाहीर पोस्टसाठीची संमती वेगळ्या कागदांवर, मराठीत घ्या. पोस्टला नकार दिल्याने थेरपीवर काहीही परिणाम होणार नाही, हे वाक्य त्यात हवंच. प्रोफाइलवर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक लिहा.

'मुलगा अडीच वर्षांचा आहे, बोलत नाही, काय करू?' अशा कमेंट्स येतील. तिथे निदान करू नका, पण थांबून बघा असंही सांगू नका. आधी ऑडिओलॉजिस्टकडून ऐकण्याची तपासणी, मग प्रत्यक्ष मूल्यमापन, एवढं लिहा. 'आवाज दिला की बघतो' यावरून ऐकू येतं असं धरू नये, हेही त्याच उत्तरात टाका. वरच्या वारंवारतेची किंवा एकाच कानाची श्रवणहानी त्यातून सुटते.