जुन्या डॉस प्रोग्राममधलं हिब्रू आधी कचरा आणि मग उलटं का दिसतं?

तुमचा प्रश्न असा की डॉसच्या (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टीम) जुन्या प्रोग्राममधून काढलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये हिब्रूच्या जागी टोप्या-टिंबंवाली युरोपियन अक्षरं दिसतात, आणि कसंतरी करून हिब्रू आलंच तर शब्द उलटे येतात. हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, एका झटक्यात सोडवायला जाऊ नका. आणि सगळ्यात आधी मूळ फाइलची कॉपी करून ठेवा, नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह तर अजिबात करू नका.

मी इंदूरला रामबागेत जुना डेटा कन्व्हर्ट करायचं काम करतो. माझ्याकडे एक बेने इस्राएली (आपल्या कोकणातले मराठी ज्यू) काकू आल्या होत्या, मूळच्या कोकणातल्या, घरात मराठीच बोलतात, त्यांचा भाऊ इस्राएलला गेलेला आणि त्याने तिकडे डॉसवर घराण्याची यादी केलेली, नाव, गाव, जन्मसाल अशी. भाऊ वारल्यावर भाचीने ती फाइल पाठवली आणि काकूंना एक अक्षर वाचता येईना. म्हणून हे काम मी फार जीव लावून केलं.

पहिली गोष्ट कोडपेजची, म्हणजे फाइलमधला कुठला आकडा (बाइट) कुठलं अक्षर हे ठरवणाऱ्या तक्त्याची. डॉसचं हिब्रू म्हणजे कोडपेज 862, त्यात अक्षरं 128 ते 154 मध्ये बसतात, 22 मूळ अक्षरं आणि 5 शब्दाच्या शेवटी येणारी वेगळी रूपं, एकूण 27. विंडोजच्या 1255 मध्ये हीच अक्षरं ह्याच क्रमाने 224 ते 250 वर आहेत, म्हणजे सरळ 96 चा फरक. हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्राम) फाइल उघडून आकडे बघा, लगेच कळेल तुमची कुठली. मग लिनक्सवर आयकॉन्व्हला (कोडपेज बदलून देणारी कमांड) फ्रॉममध्ये सीपी862 आणि टूमध्ये यूटीएफ-8 (आजचं युनिकोड) द्या, कचरा गेला.

आता उलट्याचं. हे मराठी माणसाला समजायला सोपं आहे. कृतिदेव ह्या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये 'कि' टाइप करताना आपण आधी वेलांटी मारायचो मग क, कारण दिसतं तसंच साठवलं जायचं. युनिकोडमध्ये आधी क मग वेलांटी, म्हणजे बोलतो तसं, आणि वेलांटी डावीकडे नेऊन बसवायचं काम सॉफ्टवेअरचं. हिब्रूत अगदी हेच पूर्ण ओळीचं होतं: जुन्या प्रोग्रामांना उजवीकडून लिहिता यायचं नाही म्हणून खूप जणांनी ओळ दिसते तशी, डावीकडून उजवीकडे साठवून टाकली, त्याला व्हिज्युअल म्हणतात, आणि वाचायच्या क्रमाने साठवलेलं ते लॉजिकल.

तुमची फाइल कुठली हे ओळखायची माझी खात्रीची युक्ती म्हणजे ती 5 शेवटची रूपं. काकूंच्या फाइलमध्ये गावाच्या रकान्यात दोनच बाइट होते, 143 आणि मग 148. 148 म्हणजे पे, 143 म्हणजे शेवटचा नून, आणि शेवटचा नून शब्दाच्या सुरुवातीला येऊच शकत नाही, म्हणजे फाइल व्हिज्युअल. उजवीकडून वाचलं तर पे-नून, पेण! काकू खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या.

फक्त बघायचं असेल तर व्हिज्युअल फाइल लिनक्सच्या एक्सटर्म ह्या टर्मिनलमध्ये दाखवा, तो दिशा बदलत नाही म्हणून बरोबर दिसेल. कॉन्सोल (Konsole) किंवा एमएलटर्म हे दुसरे टर्मिनल स्वतःच ओळ फिरवतात, तिथे व्हिज्युअल फाइल टाकली की पुन्हा उलटी होते, बहुतेक तुमचं इथेच अडलंय. लॉजिकल फाइल असेल तर बरोबर विरुद्ध, एक्सटर्मला देण्याआधी ती फ्रीबिडी ह्या दिशा फिरवणाऱ्या कमांडमधून काढा.

कायमची लॉजिकल करायची असेल तर नुसतं रेव्ह (ओळ उलटी करणारी लिनक्सची कमांड) चालवू नका. मी घाईत चालवलं आणि 1952 चं 2591 झालं, कारण हिब्रूतसुद्धा आकडे डावीकडूनच लिहितात. ओळ उलटी करा, मग त्यातले आकडे आणि इंग्रजी शब्द परत सरळ करा, आणि कंस उघडता-बंद अदलाबदल करा, कंस सगळे विसरतात.

प्रोग्रामच चालवायचा असेल तर 64-बिट विंडोजवर 16-बिट डॉस प्रोग्राम चालत नाही, डॉसबॉक्स (डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) लागेल आणि त्यात 862 चा फॉन्ट लोड करावा लागेल.

नाही जमलं तर एका शब्दाचे बाइट क्रमाने इथे लिहा, मी बघून सांगतो.